दाराला आतून कडी नाही

मी अंगठा बोलतोय. उजवा. डाव्याला कोणी विचारत नाही, सुखी आहे लेकाचा.

माझा मालक रसायनांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. शाळेत तो फार टिकला नाही, त्यामुळे पेन धरायचा त्रास मला कमीच. पण पिंपांची झाकणं उघडून आणि गळती पुसून माझ्या रेषा पार झिजल्या.

पूर्वी स्टोअरच्या दाराला पासवर्ड होता. साहेबांच्या कुत्र्याचं नाव. अख्ख्या कारखान्याला ठाऊक. मग हुकूम सुटला, पासवर्ड बंद. आत जाताना अंगठा, बाहेर येताना अंगठा, तोही फक्त मीच; दुसऱ्या कुणाचा चालत नाही. अंगठा पटला नाही तर मालकाच्या मोबाइलवर नंबर येणार, तो यंत्रात टाकायचा. आणि ठिणगी उडेल म्हणून मोबाइल बाहेरच्या कप्प्यात ठेवायचा. हे दोन्ही नियम एकाच साहेबांचे.

आज मालकाला लवकर निघायचं होतं. बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, ती दवाखान्यात बाकावर बसून त्याची वाट बघत होती. निघता निघता त्याने एक गळकं पिंप पुसलं आणि माझं उरलंसुरलं सालही गेलं.

यंत्र मला ओळखेना. सकाळी ओळखलं होतं मेल्याने. मालकाने मला पॅन्टवर घासलं, फुंकर मारली, पुन्हा दाबलं. लाल दिवा. बाहेर मोबाइलवर नंबर येऊन पडला.

झाडूवाल्या मावशी धावल्या. पण तो मोबाइल मालकाचा चेहरा बघून उघडतो. मावशींनी तो दाराच्या काचेशी धरला. त्याला काचेत ट्यूबलाइट तेवढी दिसली.

तेवढ्यात बायकोचाच फोन आला. मावशींनी उचलला. "वहिनी, ते आत अडकलेत. यंत्र ओळखत नाही त्यांना."

पलीकडचं ऐकून मावशी काचेपाशी आल्या. "म्हणतात, मी येते ओळखायला."

आली, एकटीच. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने आधीच बेताचं दिसतं. काचेला नाक लावून बघितलं आणि एव्हाना धावत आलेल्या साहेबांना म्हणाली, "आमचेच आहेत. उघडा आता."

साहेबांनी यंत्राच्या मिस्त्रीला फोन लावला.

मालकाने मला काचेवर टेकवलं. पलीकडून तिने तिचा अंगठा टेकवला. मधली काच तेवढी गार.

मिस्त्री निघालाय म्हणतात. मी अजून काचेवरच आहे. बाबांनो, अंगठे घ्या, चेहरे घ्या, काय हवं ते घ्या. फक्त दाराला आतून एक साधी कडी बसवा. ती काढायला मला कोणी ओळखायची गरज नसते.