अर्धा कापलेला मेपल

मी मेपल बोलतोय. अमेरिकेत व्हर्माँटमधल्या व्हर्ना पेल्कीच्या अंगणातला. आता अर्धाच मेपल म्हणा, कारण माझी दुसरी बाजू शेजारच्या ड्वेन कोबर्नने नुकतीच छाटून टाकली.

व्हर्नाच्या वडिलांनी मला रानातून आणून इथे लावलं. तेव्हा कुंपण नव्हतं. ऊन दिसलं तिकडे मी वाढलो. हद्द कुठे संपते, हे मला कुणी सांगितलं होतं?

दरवर्षी थंडी सरताना रात्री बर्फ धरतं नि दिवसा ऊन पडतं, तेव्हा व्हर्ना माझ्या खोडाला भोक पाडून नळी ठोकते, बादली अडकवते आणि माझा रस आटवून पाक करते. ड्वेन कुंपणावर रिकामी बाटली ठेवतो, व्हर्ना ती भरून देते. तो पाक पॅनकेकवर ओतताना त्याला कधी हद्द आठवली नाही. उन्हाळ्यात माझ्या सावलीत खुर्ची टाकतानाही नाही. आठवली ती त्याच्या पन्हळीत माझी पानं अडकली तेव्हा!

"माझ्या बाजूला आलेलं मी कापणार. कायद्याने हक्क आहे माझा," तो म्हणाला.

"आहे रे बाबा हक्क, पण थोडं थांब," व्हर्ना काकुळतीला आली. "आत्ता रस चढतोय. आणि एवढं कापलंस तर झाड जगायचं नाही."

"तुझं दरवर्षी काहीतरी निमित्त असतंच!"

त्याने कुंपणावरून दोरी ताणली आणि करवतवाल्याला वर चढवलं. दोरीपलीकडे एक डहाळीसुद्धा ठेवली नाही मेल्याने.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि माझ्या सगळ्या जखमा गळू लागल्या. खाली कुंपणाला खेटून ड्वेनची नवी गाडी. रात्रीत रस काचेवर गोठला. सकाळी तो ओरडत आला, "व्हर्ना, तुझं झाड माझ्या गाडीवर गळतंय!"

"दोरीच्या पलीकडे गळतंय ना? मग ते तुझं," ती म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

यंदा तिने मला भोक पाडलं नाही. "आधीच किती गळालास रे," म्हणत नुसता खोडावर हात फिरवते. मला पालवी फुटेल की नाही, कुणास ठाऊक. सगळा भार आता तिच्या घराकडे आलाय. जोराचं वारं सुटलं तर मी पडेन तो तिच्याच छपरावर. कापलं त्याने आणि भोगायचं तिने, हा कुठला न्याय?

माणसांनो, हद्द पाळायचीच तर घेतानाही पाळा. आज सकाळी कुंपणावर ड्वेनची रिकामी बाटली येऊन बसली आहे. स्वच्छ धुतलेली, झाकणासकट.