नाकारलेलं दुसरं खातं

तिनं मेमरीतला जुना अडकलेला तुकडा पुसला, फलकाचा प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला आणि काचेतून खाली पाहिलं. फुलांच्या लिलावाचा भिंतभर फलक काळा तो काळाच. व्यापारी बादल्यांवर बोटं वाजवत ताटकळले होते. तिच्या स्क्रीनवर पुन्हा तीच ओळ उमटली: परवानगी नाकारली.

"झालं का गं?" भावोजी मागे येऊन उभे राहिले. थोरल्या बहिणीचा नवरा, आणि या हॉलचे मॅनेजर. "चांगलं चाललेलं. सिस्टिम बदलायची हौस कुणाला आली होती?"

"मालकीणबाईंना. त्या बघा, खालीच आहेत."

भावोजींचा आवाज उतरला. "अगं, मग पूर्वीसारखं सगळ्यांना खुलं करून टाक. कीस कशाला पाडतेस?"

व्यापाऱ्यांच्या बंद बोल्या एक प्रोग्रॅम सामायिक मेमरीत लिहायचा. दुसरा त्या वाचायचा आणि घंटा झाल्यावर जिंकलेली बोली तेवढी फलकावर दाखवायचा. जुन्या सिस्टिममध्ये ती जागा म्हणजे धर्मशाळा होती. कुणीही यावं, डोकवावं. नव्या सिस्टिमनं दार लावून घेतलं होतं.

बोल्या घंटेआधीच फुटतात, एकच व्यापारी दरवेळी सगळ्यांच्या जेमतेम वर बोलतो, हे उघड झालं तेव्हा या खुर्चीवर तिचा दादा बसत असे. "खुर्चीवर बसतो तोच बघणार ना," भावोजी सगळ्यांदेखत म्हणाले होते. ताईनंही नवऱ्याचीच री ओढली. तेव्हापासून दादा पडदे लावून बसतो. दारावर थाप पडली की मोरीत जाऊन कडी लावतो. आणि ती त्याच खुर्चीवर येऊन बसली होती, काही फलक दुरुस्त करायची आवड म्हणून नव्हे.

तिनं खुलं केलं नाही. आधी, दार कुणाकुणाला बंद झालंय ते काढलं.

दोन खाती निघाली. एक फलकाचं. दुसरं वाचून तिनं डोळे मिटले, उघडले, पुन्हा वाचलं. पदराला हात पुसावेत तसे ओढणीला पुसले.

"काय गं?"

"काही नाही. सापडलं."

तिनं फक्त फलकाच्या खात्याला वाचायची मुभा दिली. फलक उजळला, खाली शिट्ट्या झाल्या. मालकीणबाई हसतच जिन्यानं वर यायला निघाल्या. भावोजी झपाझप आपल्या केबिनमध्ये गेले.

ती हातावर हात ठेवून बसली. आता घाई दुसऱ्या कुणाला तरी होती.

खाली बोल्या सुरू झाल्या. खांबाजवळचा एक जाडा व्यापारी बटण न दाबताच केबिनच्या खिडकीकडे मान वर करकरून बघत होता. केबिनचं दार आपटलं.

"ऐक," भावोजी तिच्या कानाशी वाकले. कपाळावर घाम होता. "माझ्या मशिनवर पण तीच ओळ येतेय. तेवढं उघडून दे. लगेच."

"काय उघडून देऊ, भावोजी?"

"अगं, बोल्या दिसायच्या ना मला! मॅनेजरला दिसायला नकोत?"

"कधीपासून दिसायच्या?"

भावोजींची नजर दाराकडे गेली. दारात मालकीणबाई उभ्या होत्या. हसू अजून चेहऱ्यावरच होतं, फक्त ते पुसायचं राहून गेलं होतं.

"ताईचा तरी विचार कर," भावोजी दातांतल्या दातांत म्हणाले.

"दादाचा केला होता तिनं, तेवढा करते."

ती उठली. दादाची खुर्ची मालकीणबाईंकडे वळवून दिली.

"बसा. फलकाखेरीज कुणाला मुभा द्यायचा अधिकार माझा नाही, तुमचा आहे. भावोजींना काहीतरी मागायचंय तुमच्याकडे."

मालकीणबाई बसल्या. "मागा," त्या म्हणाल्या.

खाली घंटा झाली. जाड्या व्यापाऱ्याचं बटण दाबायचं राहून गेलं होतं.

ती जिन्यात आली आणि दादाला फोन लावला. तो उचलायला नेहमीसारखाच वेळ लागला.

"दादा, दाढी करून घे," ती म्हणाली. "आणि कुणी दार वाजवलं, तर उघड."