बंबातून वाचलेला वाकडा भोपळा

मित्रांनो, मी एक जुना भोपळा आहे. तोंडाला पाणी सुटू देऊ नका. मी भाजीचा नव्हे, तंबोऱ्याचा; चवीला कडूजहर. माझा जन्म भीमेकाठच्या मळ्यातला. मळेवाला आम्हां भोपळ्यांना रोज नीट बसवून ठेवायचा, पण त्याचं कुत्रं मलाच टेकून घोरायचं. त्या घोरण्यानं मी डावीकडं कललो तो कललोच. खोटं वाटत असेल तर कुत्र्याला विचारा.

पुढं गाडीभर भोपळ्यांत दडून मी मिरजेला सिकंदरभाईंच्या कारखान्यात पोचलो. सरळ भोपळे तंबोरे होऊन गावोगावच्या मैफिलींना गेले. मला आढ्याला टांगलं. तीस वर्षं! मध्ये एका चिमणीनं माझ्यावर घरटं केलं आणि तिची पिल्लं सुरात ओरडायला लागली, एवढंच काय ते माझं कौतुक.

एका बुधवारी सिकंदरभाईंच्या बायकोनं, मेहरुनबींनी मान वर केली.

"आवं, ह्यो वाकडा आजून किती वरसं टांगून ठेवताय? शुक्रवारी बंबात घालते. तेवढंच पाणी तापंल."

"घाल की. लय जागा अडवलीय त्यानं."

माझ्या पोटातल्या बिया खडखडल्या.

त्यांच्या लेकीची लेक अर्फा सदा मोबाईलवर जगातल्या अजब गोष्टी शोधायची आणि मोठ्यांदा वाचून दाखवायची. गाजराच्या बासऱ्या वाजवणारी माणसं काय, झाडावर चढणारा मासा काय! मी त्यातलं निम्मंच खरं मानायचो. थापा मला लगेच ओळखू येतात.

शुक्रवारी सकाळी मेहरुनबींनी मला खाली उतरवलं. बंब धुमसत होता. मी अख्खा मावेना, म्हणून त्यांनी कोयता आणला. तेवढ्यात अर्फा ओरडली, "नाना, ह्यो बघा वाकडा तंबोरा! अजब वाद्यांच्या फोटोत हाय."

सिकंदरभाईंनी चष्मा पुसला. "अगं, ह्यो तर अब्बांच्या हातचा! त्यावर कोरलेला मोर बघ, तीन पायांचा. अब्बा मोजण्यात कायम चुकायचं."

फोटोखाली साताऱ्याच्या संयोगिताबाईंनी लिहिलं होतं, 'आत्याची पाठ वाकडी होती, म्हणून हा तिच्या बेतानं करून घेतलेला. प्रवासात भोपळा फुटला. सगळे म्हणतात, नवा तंबोरा घ्या. मला आत्याचाच हवाय. असा वाकडा भोपळा कुठं मिळेल का?'

"मिळंल की!" म्हणत सिकंदरभाई वळले, आणि त्यांना कोयता दिसला. "मेहरुन! ठेव त्यो खाली!"

"मग पाणी कशावर तापवू? तुमच्या चष्म्यावर?"

"म्हैनाभर गार पाण्यानं अंघोळ करतो. पर त्याला हात लावू नगं!"

हुश्श! मित्रांनो, तेव्हा मी जो श्वास सोडला, त्यानं बंब विझला.

अर्फानं संयोगिताबाईंना कळवलं आणि त्यांनी फुटका तंबोरा पाठवून दिला. मग मला भिजवलं, कापलं, बिया काढल्या, आत्याच्या तंबोऱ्याच्या दांडीला जोडलं. दुखलं, पण बंबापेक्षा बरं. तीन आठवड्यांनी संयोगिताबाई आल्या. तंबोरा उभा धरून त्यांनी तार छेडली. माझ्या वाकड्या पोटात आवाज असा घुमला, की मीच दचकलो. त्या दांडीला गाल लावून बसून राहिल्या.

"आत्या अशीच बसायची," एवढंच त्या म्हणाल्या.

सिकंदरभाई काहीतरी बोलणार होते, पण गार पाण्यानं बेजार झालेले, नुसतेच शिंकले.

तर मित्रांनो, घरातलं जुनं, वाकडंतिकडं काही टाकण्याआधी जरा चार जणांना विचारा. कुणीतरी कुठंतरी नेमकं तेच शोधत असतं.

आता मी साताऱ्यात असतो. इथं अंघोळीचं पाणी गीझरवर तापतं. आल्या आल्या आधी तेच बघून घेतलं.