घंटा कोण वाजवतं?

१९५८ सालच्या हिवाळ्यात, महागावच्या बाजूला तालुक्याचा कारभार पाहणाऱ्या जनपद सभेच्या एका दोन मास्तरांच्या शाळेत भलतंच सुरू झालं. घंटा अवेळी वाजू लागली. घंटा म्हणजे कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा आणि शेजारी एक लोखंडी सळई. तास संपायला वीस-वीस मिनिटं बाकी असताना टोल पडे, आणि बाहेर येऊन बघावं तर झाडाखाली कुत्रंसुद्धा नसे.

हेडमास्तर सदाशिव गुरुजी यवतमाळचे, चार पिढ्या कचेरीत गेलेल्या घरातले. शिस्तीचं त्यांना वेडच होतं. टोल पडला की बोलणारानं बोलणं आणि लिहिणारानं लिहिणं तिथंच सोडायचं, हा नियम त्यांनी स्वतःलाही लावून घेतला होता. आता घंटाच खोटी वाजायला लागल्यावर माणसानं विश्वास ठेवायचा तरी कशावर? पण खरं सांगायचं तर त्यांना रागापेक्षा उत्सुकताच जास्त होती.

त्यांनी एक वही केली. तारीख, वार, वेळ. दोन आठवड्यांत सहा वेळा, सगळ्या मधल्या सुट्टीनंतर, एवढाच काय तो मेळ. त्या वेळी आपण काय करत होतो, हे मात्र त्यांनी लिहिलं नाही. आपलं काय लिहायचं, आपण तर वर्गावर होतो!

दुसरे मास्तर देवीलाल. ते तिसरीचा वर्ग व्हरांड्यात, झाडासमोरच घेत.

"तुम्हाला कोणीच दिसत नाही?" गुरुजींनी विचारलं.

"नाई जी. मले वाटते, वारा असन."

"वारा सळई उचलतो?"

सुट्टीत भाकर खाल्ली की देवीलालांचा डोळा लागे, हे तिसरीतल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं.

शेवटी प्रार्थनेच्या वेळी गुरुजींनी जाहीर केलं, "घंटा वाजवणारा सापडला की त्याचं नाव हजेरीतून कापीन. मग तो पाटलाचा पोरगा का असेना." गुरुजी शब्दाचे पक्के होते.

दोन दिवस गुरुजी चौथीला गणितं देऊन पाण्याच्या हौदामागे दबा धरून बसले. घंटा वाजली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी देवीलालांना बजावलं, "आज डोळा लागला तर तुमचाच रिपोर्ट करीन," आणि ते वर्गात गेले. चौथीतल्या सत्यशीलेचा तेराचा पाढा चुकला. सहा छड्या. चौथी छडी बसली, तोच टोल पडला. गुरुजींचा हात सवयीनं थांबला आणि बाहेर देवीलाल ओरडले, "सापडली जी, सापडली!"

मनगट धरून त्यांनी आत आणली ती तिसरीतली बिजली. धरमसिंग नाईकाच्या बंजारा तांड्यावरून शाळेत आलेली पहिली मुलगी. तिच्यासाठी गुरुजींनी तांड्यावर चार खेपा घातल्या होत्या, बापाच्या नाकदुऱ्या काढल्या होत्या. आता तिचंच नाव कापायचं! तरी विचारल्याशिवाय त्यांना राहवेना.

"आधीच्या सहाही वेळा तूच?"

"हो जी."

"काहून?" गुरुजींच्या तोंडून 'का'ऐवजी तिच्याच बोलीतला शब्द निघाला. "नाव कापणार, हे ऐकलं होतंस ना?"

"आयकलं होतं." बिजली छडीकडे पाहत होती. "पोट्टे रडले तं तुमी थांबत नाई, गुर्जी. पाया पडले तरी थांबत नाई. घंटा झाली का थांबता."

गुरुजींनी वही उघडली. त्या त्या दिवशी आपण कोणाला मारत होतो, ते त्यांना एकेक करून आठवत गेलं. सहाच्या सहा. इतक्या दिवसांचं कोडं सुटलं होतं आणि ते पार खजील झाले होते.

"मी माझा शब्द मागे घेतो," ते सगळ्या वर्गाला म्हणाले. "नाव कोणाचंच कापणार नाही. चूक माझी आहे."

कोणालाच ते खरं वाटेना. सत्यशीला तर अजून हात पुढे करूनच उभी होती.

"गुर्जी, दोन राह्यल्या," ती म्हणाली.

गुरुजींनी छडी बाजूला ठेवली आणि खाली करायला म्हणून तिचा हात धरला. सतरा वर्षं ते छडी मारत आले होते, पण मारलेला तळहात त्यांनी कधी हातात घेतला नव्हता. तो चांगलाच तापला होता.