एफीबॉस, वय अठरा ते वीस

मी एक शब्द बोलतोय. नाव एफीबॉस. जन्म ग्रीसचा, वय अडीच हजारांच्या घरात, मुक्काम सध्या कोल्हापुरातल्या एका तालमीच्या पाटीवर. माझा अर्थ तरुण. हसू नका, पावणं! म्हातारपणी तरुण म्हणवून घेणारा या पेठेत मी एकटा नाही.

अथेन्समध्ये पोरगा अठराचा झाला की मी त्याला लागायचो. दोन वर्षं कवायत, हातात ढाल-भाला, सीमेवर पहारा. वीस पुरी झाली की मी त्याला सोडून पुढच्याकडं जायचो. पुढं फाशांच्या एका दानाला माझं नाव पडलं, दारूच्या एका पेल्यालाही. पोरींना मात्र मी कधी लागलो नाही. त्याची लाज अजून वाटते.

मग पुस्तकात पडून राहिलो. तिथून मला अदितीनं उचललं. वय अठरा, कबड्डी खेळणारी. पोरींना सरावाला तालमीचा हॉल संध्याकाळी दोन तास मिळावा, एवढंच तिचं म्हणणं. पण हॉलची किल्ली युवा अध्यक्ष विश्वजितकडं. वय सत्तेचाळीस, मिशा काळ्याभोर, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर गॉगल. अदितीनं विचारलं की उत्तर ठरलेलं, "बघू की."

एके दिवशी ती म्हणाली, "दादा, युवा विभागाला नवं नाव देऊया. एफीबॉस. ग्रीक हाय. ढाल-भालावाली पोरं."

"ग्रीक? पलीकडच्या तालमीकडं हाय का असलं?"

"न्हाय."

"मग पायजेच की!"

अर्थ विचारायला सवड कुणाला? आठवड्यात पाटी रंगली, हलगी वाजली, मी दारावर चढलो. नंतर सभा. अदितीनं लिहून आणलेल्या ठरावावर विश्वजितनं न वाचताच झोकात सही ठोकली. मग चिटणीस गणपतरावांनी चष्मा पुसून तो वाचला. "नावाबरोबर नावाचा नियमबी लागू. विभागात आणि अध्यक्षपदावर वय अठरा ते वीस. एक दिवस जास्त न्हाय."

"म्हंजे मी?"

"तू सत्तावीस वर्षं उशिरा उठलास, विश्वजित."

सभा खदाखदा हसली. विश्वजित लालबुंद झाला. पण पाटी उतरवायची कशी? पलीकडच्या तालमीनं ती बघितलीवती. इज्जतीचा प्रश्न! त्यानं किल्ली अदितीच्या हातात दिली आणि स्वतः ज्येष्ठ युवा मार्गदर्शक झाला. असलं पद अथेन्सला सुचलं नसतं.

त्या संध्याकाळी हॉलमध्ये पोरींचा कबड्डी-कबड्डीचा दम घुमला. मला भरून आलं. अडीच हजार वर्षांनी मी पोरींना लागलो होतो.

दोन वर्षं झकास गेली. अदितीनं स्पर्धा जिंकल्या, भाषणं केली. तिचाही फ्लेक्स लागला. गॉगल नव्हता, एवढाच फरक.

काल तिला वीस पुरी झाली. केक कापून झाल्यावर संघातली मोना पुढं आली. नुकतीच अठराची झालेली. म्हणाली, "अदिताई, नियमानं आता किल्ली..."

अदितीनं किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली, गाठ घट्ट केली.

"बघू की," ती म्हणाली.

कोपऱ्यात विश्वजितनं मिशीवरून हात फिरवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोना बाहेर येऊन माझ्याखाली उभी राहिली आणि मला एकेक अक्षर लावून वाचू लागली.

वाच, पोरी. आणि वीस पुरी झाली की सोडायचं, हा माझा अर्थ आत जाऊन मोठ्यानं सांग. मला हात नाहीत, नाहीतर ती गाठ मीच सोडली असती.