चोविसांतल्या चार जागा

पार्कमध्ये सगळे त्याला ‘पुढेचला’ म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथंच राहिलं. एकोणीस वर्षं तो ‘गरुडझेप’ नावाच्या रोलर कोस्टरच्या रांगेवर उभा होता आणि दिवसभर तेच दोन शब्द म्हणत होता. लहान मुलंसुद्धा जाताना “टाटा, पुढेचला काका!” असं ओरडून जायची. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. उलट बरंच वाटे.

रांग त्याच्याइतकी त्या पार्कात कुणालाच कळत नव्हती. गाडीत चोवीस जागा, तीन मिनिटांना एक फेरी. पण नुसत्या आकड्यांवर त्याचं काम भागत नसे. म्हातारी माणसं किती, ऐन पट्टा लावताना भोकाड पसरणारी पोरं किती, शाळेच्या सहलीतली किती जण मधेच पाण्यासाठी पळणार, हे सगळं तो एका नजरेत जोखायचा आणि म्हणायचा, “चौतीस मिनिटं.” चौतिसाची छत्तीस झाली तर त्यालाच चुटपुट लागायची. त्यानं वेळ सांगितली की लोक घड्याळ बघायचं सोडून द्यायचे.

एकदा मालकांचे व्याही चार पाहुणे घेऊन थेट दोरीपाशी आले आणि आपण कोण हे त्यांनी मोठ्यानं सांगितलं. पुढेचला अदबीनं म्हणाला, “ओळख पटली, साहेब. रांगेचं शेपूट तिकडे नळापाशी आहे.” व्याही फणफणले, पण गेले नळापाशी. मालकांनी त्याला झापायला बोलावलं आणि सगळं ऐकता ऐकता त्यांनाच हसू फुटलं. ते जुने मालक. पुढे त्यांनी पार्क विकलं.

घरी थोरली बहीण आणि भाची. मेहुणा गेला तेव्हा भाची सहा वर्षांची होती, तेव्हापासून मायलेकी त्याच्याकडेच. त्यानं लग्न केलं नाही. कुणी फार खोदून विचारलं तर म्हणायचा, “माझा नंबर लागला तेव्हा मी दुसऱ्यांची रांग लावत होतो.” भाचीला घरात चिमी म्हणत. पोरगी चटपटीत, गणितात पक्की. ती शिकली, आणि पार्कच्या ऑफिसात जागा निघाली तेव्हा पुढेचला आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे शब्द टाकायला गेला. “माझी भाची आहे म्हणून नाही,” तो मॅनेजरना म्हणाला, “पण पोरगी सरळ आहे. याची हमी माझी.”

ती लागली त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. जवळजवळ महिनाभर चिमी रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही घेऊन बसायची. तो भाजी चिरून देत असे आणि ती विचारत असे.

“मामा, लोक रांग सोडून जातात ते नेमके कुठून?”

“तिसऱ्या वळणावरून. तिथून वरचा जिना दिसतो ना, आणि जिन्यावरची गर्दी. तिथं माणसाचा धीर सुटतो. ते वळण ओलांडलं की मग सहसा कुणी जात नाही. इतकं थांबलो, आता कशाला जा, असं होतं.”

“आणि थांबून राहतात कशामुळे?”

“रांग हलली पाहिजे. दर पाच मिनिटांनी दोन पावलं जरी पुढे पडली तरी माणूस तासभर उभा राहतो. ठप्प झाली की दहा मिनिटांत चुळबुळ सुरू.” मग चाकू बाजूला ठेवून तो म्हणाला, “आणि एक लिही. पोरं बरोबर असली की माणूस अडकला. पोरानं एकदा वर गाडी बघितली की आईबापांना मागे फिरता येत नाही. अशांना आधी पाणी दिलं पाहिजे, बसायला जागा दिली पाहिजे.”

चिमीनं तेही लिहून घेतलं. “आणि लोक विश्वास कशावर ठेवतात? पाटीवर?”

“पाटी कोण वाचतं? गणवेशातला माणूस काय सांगतो ते ऐकतात.”

“रांग सुधारायची आहे, मामा,” ती म्हणाली. “सावली, पाणी, बाकं. सगळं करायचंय.”

बहीण ओट्यापाशी उभी राहून ऐकत होती. ती हसून म्हणाली, “बघ, शेवटी तुझी विद्या घ्यायला कुणीतरी मिळालं.” त्याला खरोखरच कृतकृत्य वाटलं. एकोणीस वर्षांत त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं.

पुढच्या मोसमात सावली आली. गरुडझेपच्या रांगेवर पत्र्याचं लांब छप्पर पडलं, कठडे नवे बसले, वळणं तीनाची नऊ झाली आणि जिन्यासमोर एक मोठं रंगीत चित्र उभं राहिलं, त्यामुळे वरची गर्दी खालून दिसेनाशी झाली. रांगेच्या तोंडाशी वेळ दाखवणारा दिव्यांचा बोर्ड लागला. शेजारी दुसरं दार निघालं, आरक्षणवाल्यांचं. ज्यांना हवं त्यांनी जादा पैसे भरून फोनवर वेळ ठरवायची आणि त्या वेळी यायचं. पुढेचलाला त्यात वावगं वाटलं नाही. कुणाला घाई असते, कुणाला नसते. बाकं मात्र कुठं दिसत नव्हती. त्यानं विचारलं तर चिमी म्हणाली, “पुढच्या टप्प्यात.”

पहिल्या शनिवारी दुपारी दीड वाजता एक बाई आली. बरोबर दोन जुळ्या मुली, आठ-नऊ वर्षांच्या, एकसारख्या पिवळ्या फ्रॉकमधल्या. फ्रॉक घरी शिवलेले होते हे टाक्यांवरून कळत होतं. बाई म्हणाली, “दादा, साडेचारला आमची शेवटची बस आहे. चारला तरी निघायला हवं. होईल ना? मी दुकानात शिवणकाम करते, सुट्टी परत केव्हा मिळेल सांगता येत नाही.”

बोर्डावर चाळीस मिनिटं होती. पुढेचलानं बोर्डाकडे बघितलंही नाही. त्यानं रांगेवरून नजर फिरवली. सव्वादोनशे, फार तर दोनशे तीस माणसं. “अर्धा तास, ताई. गाडीत बसून, उतरून, खाऊनपिऊन तुम्ही बसला पोचाल.”

मुली उड्या मारत आत गेल्या.

वीस मिनिटं झाली आणि कुठंतरी घोडं पेंड खातंय हे त्याच्या लक्षात आलं. रांग हलत होती, थांबत नव्हती, पण पुढे सरकतच नव्हती. दोन पावलं इकडे, वळण, दोन पावलं तिकडे. तो जिना चढून वर गेला. फलाटावरचा ऑपरेटर आरक्षणाच्या दारातून वीस माणसं आत घेत होता आणि साध्या रांगेतून चार.

“हे काय चाललंय?”

“चोवीसमधल्या चार साध्या रांगेला,” ऑपरेटर खांदे उडवत म्हणाला. “सकाळीच कागद आला. तुला नाही दिला?”

पुढेचलानं हिशेब केला. तीन मिनिटांना चार. म्हणजे तासाला ऐंशी. म्हणजे ती बाई जिथं उभी होती तिथून तीन तास.

त्यानं तिथूनच चिमीला फोन लावला. “चिमे, काहीतरी गफलत झालीय. साध्या रांगेला चारच जागा देतायत.”

ती म्हणाली, “मामा, पहिला दिवस आहे. तासाभरात सुरळीत होईल. तू फक्त लोकांना थांबवून धर. तू सांगितलंस की थांबतात.”

“नक्की?”

“अरे, मी सांगतेय ना!”

ती सांगत होती म्हटल्यावर प्रश्नच मिटला. तो खाली आला आणि रांगेच्या कडेनं चालत प्रत्येकाला सांगत सुटला, “होतंय, होतंय. थोडा धीर धरा, आत्ता वेग येईल.” पाचव्या वळणावर त्या बाईनं विचारलं, “दादा, निघू का आम्ही? दुसरं काहीतरी बघता येईल पोरींना.” तेव्हा अडीच वाजले होते. अजून वेळ होता, पार्कात दहा गोष्टी होत्या. तो म्हणाला, “थांबा, ताई. माझ्यावर भरवसा ठेवा.”

चार वाजता ती आठव्या वळणावर होती. पुढे तीस माणसं. जुन्या हिशेबानं दोन फेऱ्यांचं काम. बाईनं घड्याळ बघितलं, मुलींचे हात धरले आणि दोरीखालून बाहेर आली. एक मुलगी मुकाट चालत होती. दुसरी मान उलटी वळवून वर गाडीकडे बघत होती. बाई त्याच्याजवळून गेली तेव्हा आवाज न चढवता म्हणाली, “तुम्ही म्हणालात म्हणून थांबले हो.”



पार्क बंद झाल्यावर तो गणवेश न उतरवता तसाच ऑफिसात गेला. चिमी एकटीच होती. टेबलावर गुळगुळीत कागदाचा एक अहवाल पडलेला होता. पहिल्याच पानावर ‘विशेष मार्गदर्शन’ म्हणून त्याचं नाव होतं. हजेरीच्या वहीतलं, खरं. त्यानं पान उलटलं. ‘तिसऱ्या वळणावर जिना दिसल्याने ग्राहक रांग सोडतात. उपाय: जिना झाकावा.’ पुढे: ‘थोडी हालचाल दिसत राहिल्यास ग्राहक तासभर थांबतात. उपाय: वळणे वाढवावीत.’ आणि त्याखाली: ‘मुले बरोबर असलेले ग्राहक मागे फिरत नाहीत. आरक्षणासाठी हेच मुख्य लक्ष्य.’ पाण्याचा उल्लेख कुठंच नव्हता.

“वाचायला येतं मला,” तो म्हणाला. “समजावून तू सांग.”

चिमी उठून उभी राहिली. “मामा, साधी रांग भराभर सरकली तर आरक्षण कोण घेईल? आणि रांग अगदीच रिकामी दिसली तरी कुणी घेणार नाही. ती लांब दिसायला हवी, आणि लोक तिच्यात टिकायला हवेत. नवीन मालकांनी हेच काम दिलं होतं मला.”

“आणि बोर्ड?”

“तो दोन्ही दारांची सरासरी दाखवतो. तसं खोटं नाही ते.”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू एक शब्द तरी बोलला असतास का?” ती पटकन बोलून गेली. मग हळू आवाजात म्हणाली, “तू सांगितलेलं एकही वाक्य मी बदललं नाही, मामा.”

“ते दिसतंय,” तो म्हणाला. “आणि दुपारी फोनवर? तासाभरात सुरळीत होईल म्हणालीस ते?”

तिनं अहवाल मिटून पालथा ठेवला. केसानं गळा कापणं म्हणजे काय हे तो आजवर नुसतं ऐकत आला होता. ज्या पोरीला त्यानं सायकल शिकवली, जिच्यासाठी हमी घेतली, तिनं त्याच्या तोंडून त्या बाईला फसवलं होतं. हे त्याला सर्वांत जास्त लागलं. त्याला स्वतःला फसवलं असतं तर तो पचवून गेला असता.

रविवारी तो दोरीपाशी उभा राहिलाच नाही. रांगेच्या तोंडाशी, त्या बोर्डाखाली जाऊन उभा राहिला आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागला, “बोर्डावर चाळीस आहे. खरे तीन तास आहेत. चोवीस जागांतल्या चारच तुमच्या. रांगेत उभं राहायचं तर समजून उमजून राहा.” कामावरून काढतील तर काढोत, असं त्यानं ठरवलं होतं. लोक आधी हसत, मग त्याच्या चेहऱ्याकडे बघत आणि त्यांना पटत असे. दुपारपर्यंत साधी रांग ओस पडली. त्याला वाटलं, आता यांना अक्कल येईल.

सोमवारी मॅनेजरनं बोलावलं. कोपऱ्यात चिमी खाली मान घालून बसली होती. मॅनेजर खुर्चीतून उठले, त्याच्याशी हात मिळवला.

“कमाल केलीत तुम्ही! काल आरक्षण दुप्पट झालं. लोक बोर्डावर विश्वास ठेवत नाहीत, तुमच्यावर ठेवतात. तुम्ही तीन तास म्हणालात की खिशातून फोन निघतो. आता रोज तिथंच उभे राहा. हवं तर खुर्ची देतो.”

त्याला आधी कळेचना. मग कळलं. म्हणजे खोटं बोललो तरी यांचंच काम, आणि खरं बोललो तरी यांचंच. त्यानं चिमीकडे बघितलं. ती म्हणाली, “मी काही सांगितलं नाही, मामा. आकडे त्यांनीच बघितले.” ते खरंही असेल. पण आता तिचं काय खरं धरायचं, हे त्याला ठरवता येईना.

“मला रांगेवरून काढा,” तो मॅनेजरना म्हणाला. “कुठंही टाका. आणि त्या अहवालातलं माझं नाव खोडा.”

“अहो, छापून झालाय तो.”

“मग हातानं खोडा.”

त्याला ‘हरवले-सापडले’च्या खिडकीत बसवलं. छत्र्या, टोप्या, लहान मुलांचा एकेक बूट. काम सोपं होतं. गरुडझेपच्या रांगेवर कुणी नवा माणूस आला. तो वेळ विचारली की बोर्डाकडे बोट दाखवायचा.

घरात भांडण झालं नाही. बहिणीला त्यानं काही सांगितलं नव्हतं, आणि चिमीनंही नाही. तिघं एकत्र जेवत, गळक्या नळाबद्दल बोलत, बहिणीच्या गुडघ्याबद्दल बोलत. पार्कचं नाव निघालं की तो पाणी आणायला उठे. दोन महिन्यांनी चिमीला बढती मिळाली आणि तिनं ऑफिसजवळ खोली घेतली. सामान न्यायच्या दिवशी तिची पुस्तकांची पेटी कुणालाच उचलेना, तेव्हा त्यानंच ती खांद्यावर घेऊन तीन मजले खाली आणली आणि टेम्पोत नीट आडवी ठेवली.

“मामा, अजून रागावलायस?”

“नाही गं. राग केव्हाच गेला.”

ते खरं होतं. तिलाही ते कळलं असावं, कारण तिचा चेहरा आणखीच उतरला. “रविवारी जेवायला येते,” ती म्हणाली आणि टेम्पो निघाला. तो जिना चढून वर आला तर बहीण दारातच उभी होती, पदरानं डोळे पुसत.

“काय म्हणाली रे?”

“रविवारी जेवायला येते म्हणाली.”

“येईल ना?”

“बघू,” तो म्हणाला, आणि चपला काढून आत गेला.