गाऱ्हाण्यातली नावं

मी भित्री आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी शिव्या घातल्या तरी मला नवल वाटायचं नाही.

पेडण्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी अकरा वर्षं अटेंडंट आहे. दवाखाना सरकारचा, पण मी सरकारची नाही. मी एजन्सीची, कंत्राटावरची. पर्मनंट बाई उचलते तेच बेडपॅन मी उचलते, पण तिचा पगार माझ्या तिप्पट, आणि तिला रजा आहे, पेन्शन आहे, युनियन आहे. त्यांच्या युनियनकडे गेलो तर म्हणाले, "आदी पर्मनंट व्हा, मगे या." निवडणुकीतले पुढारी म्हणाले, युनियनवाल्यांनीच सरकार बुडवलं. आम्ही कुठल्या युनियनमध्ये होतो मेले, की आम्ही बुडवणार?

शेवटी गुरुदासने आमची वेगळी युनियन काढायचं ठरवलं. गुरुदास कोरगावचा, आमच्या ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, तोही कंत्राटावरच. आम्ही नऊ जणांनी नोंदणीच्या कागदावर सह्या केल्या. सोमवारी अकरा वाजता तो कागद घेऊन पणजीला लेबर ऑफिसात जाणार होता.

"एकदा कागदार शिक्को बसलो की आमका काडूक जड," तो म्हणाला. "तवसर तोंडाक कुलूप. एजन्सीक कळला तर एका फोनार सगळे घरी."

मी कुलूप घातलं. नवऱ्याला सांगितलं नाही. खाणी बंद पडल्यापासून त्याचा ट्रक अंगणात उभा आहे, घर माझ्या पगारावर चालतं. सही केल्यापासून भात उतरेना. फोन वाजला की हातातलं भांडं पडायचं.

माणसाला सांगायचं नव्हतं, म्हणून देवाला सांगायला गेले. आमच्या इब्रामपूरच्या वाड्यावर राष्ट्रोळीचं देऊळ आहे. काही अडलं की तिथे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, ही आमची रीत. रविवारी सकाळी नारळ आणि विडा घेऊन गेले. आमचे सगुणकाका तिथले घाडी, लोकांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं तेच घालतात. मी त्यांच्या कानात सांगितलं, "नोकरेचा काम आसा. आमका सगळ्यांक सांभाळ म्हणान सांगा."

"सगळे म्हणजे कोण गो? देवाक नाव-गाव नको?"

खरंच की. नाव-गाव नसलेलं गाऱ्हाणं म्हणजे पत्ता नसलेलं पत्र. मी बाकीची आठही नावं सांगितली, गावासकट. माझं सांगायची गरजच नव्हती, मी समोर उभी होते.

आणि काकांनी आवाज लावला. गाऱ्हाणं कधी कोणी हळू घालतं का? देवळापुढे वीस-पंचवीस माणसं जमलेली.

"हे राष्ट्रोळी म्हाराजा! ही तुझी लेक सुमंगला आज तुझ्या पायाकडे इली हा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"कोरगावचो गुरुदास, हळर्णची विनिता, अंकिता..." एकेक नाव टेकडीला आपटून परत येत होतं. "ह्या आठ जणांनी एकजूट करून जो कागद केलो हा, तो तडीक ने! त्यांच्या पोटार पाय देतलो, त्येका आडव!"

"व्हय म्हाराजा!"

कागदाचं मी केव्हा सांगितलं? सांगितलं असणार. माझंच तोंड. तेवढ्यात मागून आलेला एक "व्हय म्हाराजा" ओळखीचा वाटला. वळून पाहिलं. गोकुळदास. एजन्सीचा सुपरवायझर. नवीन गाडीचा नारळ फोडायला आला होता.

तो रागावला नाही. प्रसादाचा तुकडा माझ्या हातावर ठेवत म्हणाला, "नावां बरी सांगलंस गो. माका पाठच झाली."

घरी येऊन मी गुरुदासला फोन लावला. एक रिंग झाली आणि मीच कापला. परत लावला, परत कापला. काय सांगू? मीच देवळापुढे नावं वाचायला लावली म्हणून? सांगितलं असतं तर तो पहाटेच पणजीला जाऊन दार उघडायची वाट बघत बसला असता. कागदावर वेळेत शिक्का बसला असता. हे मला तेव्हाही कळत होतं. पण भीती अशी बसली होती की तिसऱ्यांदा लावलाच नाही.

सोमवारी आठ वाजता गेटवर वॉचमनच्या हातात यादी. आठ नावांवर लाल रेघ. माझं नाव स्वच्छ, जसंच्या तसं.

सगळे गेटबाहेर उभे. गुरुदासच्या हातात तो बिनशिक्क्याचा कागद, आता काय उपयोगाचा? त्यांनी अंकिताला घेरलं होतं, कारण तिचा होणारा नवरा एजन्सीच्या गोदामात आहे.

"तूच सांगलंस!" विनिता ओरडत होती.

अंकिताने रडत माझा हात धरला. "मावशे, तू तरी सांग गो! मी न्हय!"

मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं. पण व्हरांड्यात गोकुळदास मस्टर घेऊन उभा होता, आणि माझ्या डोळ्यांपुढे अंगणातला ट्रक आला. मी म्हटलं, "माका काय म्हायत?"

अंकिताने माझा हात सोडला.

गुरुदास मला बाजूला घेऊन गेला. मला वाटलं, कळलं ह्याला. पण त्याने घडी घातलेला दुसरा कागद माझ्या मुठीत कोंबला. "लॉन्ड्री आणि किचनमधले आणखी बारा जण तयार आसत. ही त्यांची नावां. तुझा नाव वाचला हा नशिबान. आता आत आमचा माणूस म्हणजे तूच. त्यांच्या सह्यो घी. तुझ्याशिवाय विश्वास ठेवण्यासारख्या कोण नाय रवला."

मी कागद पोलक्यात घातला आणि गेटमधून आत गेले. पाठीवर आठ जणांची नजर. मस्टरवर सही केली.

गोकुळदासने मस्टर मिटलं. आवाज अगदी मऊ. "काय दिलान गो तेणी?"

"काय नाय."

"सुमंगला." त्याने हात पुढे केला. "ट्रक अजून उभोच मा गो तुमचो?"

मी कोणाला हाक मारली नाही. ओरडले नाही. बारा जणांपैकी कोणाकोणाच्या घरी मी जेवले आहे, हे त्या क्षणी मला आठवत होतं, खोटं कशाला बोलू. तरी मी पोलक्यात हात घातला, कागद काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

त्याने तो उघडूनसुद्धा पाहिला नाही. खिशात टाकला. "आज अंकिताचो वॉर्ड पण तूच बघ," म्हणाला.